हाडांतील महापेशींची अर्बुदे

पंचवीस-तीस वर्षांच्या धडधाकट माणसाचा गुडघा दुखू लागला, तर त्याची फारशी चिंता घरात कोणी करीत नाही. कोठेतरी पाय मुरगळला असेल, सायकलवरून पडताना मुका मार बसला असेल, अशी समजूत करून घेतली जाते. मग तेल चोळणे, शेकणे, आंबेहळदीचा लेप लावणे, हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेणे, हे उपचार क्रमाने सुरू होतात. दोन-चार महिने असेच जातात. दुखणे रात्रीही थांबेनासे होते, गुडघ्याच्या एका अंगाला सूज दिसू लागते, आणि एखाद्या दिवशी जिन्याची पायरी उतरताना पाय किंचित वाकडा पडण्याचे निमित्त होऊन हाड मोडते. क्ष-किरणांचे छायाचित्र काढले म्हणजे कळून येते की, ते हाड मोडण्यापूर्वीच आतून पोखरले गेले होते. तेथे गाठ होती.

'गाठ' हा शब्द उच्चारला जाताच त्या घराची वृत्ती एकदम पालटते. कालपर्यंत ज्याला क्षुल्लक मुरगळणे म्हटले जात होते त्यालाच आज कर्करोग म्हटले जाते, आणि आता पाय कापावा लागणार या भीतीने सर्व मंडळी गर्भगळीत होतात. कालची बेफिकिरी जितकी अनाठायी, तितकीच आजची ही भीतीही पुष्कळदा अनाठायी असते. या वयात, गुडघ्याजवळच्या हाडाच्या टोकाशी जी गाठ सापडते, ती अनेकदा 'जायंट सेल ट्यूमर' म्हणजे महापेशींचे अर्बुद या जातीची असते. ही गाठ बहुधा जीव घेत नाही. परंतु हाड मात्र खाते. तिची ओळख वेळेवर आणि बिनचूक पटली, तर पाय वाचतो. ओळख चुकली, तर कधी पाय व्यर्थ जातो, कधी मानेतील एका ग्रंथीचा रोग पायाचा समजून भलतीच शस्त्रक्रिया होते, आणि कधी खरोखरीचा मारक रोग सौम्य समजला जाऊन जीव जातो. एवढे सारे ज्या ओळखीवर अवलंबून आहे, ती पटविणे वैद्यकशास्त्राला सहजासहजी साधलेले नाही. या अर्बुदाला ज्या पेशीवरून नाव मिळाले, त्या पेशीनेच शास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ चकविले.

ही महापेशी म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रथम हाडाचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. हाड हे दगडासारखे कठीण दिसत असले, तरी ते दगडासारखे निर्जीव नाही. जुन्या वाड्याची डागडुजी जशी सतत चालू असते, तसे हाडातही पाडकाम आणि बांधकाम आयुष्यभर चालू असते. बांधकाम करणाऱ्या पेशी निराळ्या आणि पाडकाम करणाऱ्या निराळ्या. पाडकाम करणाऱ्या पेशींना अस्थिभंजक पेशी म्हणतात. सामान्य पेशीत एकच केंद्रक असते. परंतु अस्थिभंजक पेशी ही रक्तातून आलेल्या अनेक लहान पेशींच्या मीलनाने बनलेली असल्यामुळे तिच्यात अनेक केंद्रके असतात आणि तिचा आकारही मोठा असतो. १८७३ साली कोलिकर या शास्त्रज्ञाने हाड झिजविण्याचे काम या पेशींकडे आहे, हे ओळखून त्यांना नाव दिले. तेव्हा मोठी, अनेक केंद्रकांची पेशी हाडात दिसणे, हीच काही विकृती नव्हे. निरोगी शरीराचाही गाडा तिच्यावाचून चालत नाही.

महापेशींच्या अर्बुदात मात्र या पेशींचा सुळसुळाट झालेला असतो. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले असता एकेका पेशीत पन्नास-पन्नास, कधी शंभरही केंद्रके दाटीने बसलेली दिसतात. त्यांच्या अधूनमधून एकच केंद्रक असलेल्या, दिसण्यात अगदी साध्या अशा पेशी पसरलेल्या असतात. पाहणाराची दृष्टी अर्थातच महापेशीवर खिळते आणि या साध्या पेशींकडे दुर्लक्ष होते. हे दुर्लक्ष किती महागात पडले, ते पुढे दिसून येईल.

या अर्बुदाचे वय आणि स्थान ही दोन्ही ठरावीक असतात. लांब हाडांच्या टोकांपाशी वाढीची एक कूर्चापट्टी असते. मुलाची उंची तिच्यामुळे वाढते आणि तारुण्यात ती हाडात मिसळून नाहीशी होते. महापेशींचे अर्बुद बहुधा ही पट्टी मिटल्यानंतर, म्हणजे वयाच्या वीस ते पंचेचाळीस वर्षांच्या दरम्यान होते, आणि हाडाच्या अगदी टोकाशी, सांध्याला लागून होते. निम्म्याच्या आसपास रुग्णांत ते गुडघ्याजवळ, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला असते. त्याच्या खालोखाल मनगटाचा क्रम लागतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण किंचित अधिक आहे. पाश्चात्त्य देशांत हाडात मूळ धरणाऱ्या अर्बुदांपैकी शेकडा पाचच्या आसपास या जातीची असतात. चीन आणि भारत येथील रुग्णालयांच्या नोंदींत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक आढळते. ज्या वयात माणूस कमवू लागलेला असतो आणि संसाराचा भार उचलीत असतो, नेमक्या त्याच वयात हा रोग त्याच्या पायावर घाला घालतो.

लंडनचे शस्त्रवैद्य सर ॲस्टली कूपर यांनी १८१८ साली ट्रॅव्हर्स यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधांत अशा गाठींचे वर्णन आढळते. पुढे १८५३ साली जेम्स पॅजेट यांनी, या गाठीतील पेशी अस्थिमज्जेतील पेशींसारख्या दिसतात म्हणून, तिला मज्जासदृश अर्बुद असे नाव दिले. १८६० साली पॅरिसच्या नेलातों यांनी तर आपल्या प्रबंधाच्या शीर्षकातच ही हाडांच्या सौम्य अर्बुदांची एक नवी जात आहे, असे सांगून टाकले. परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावर मात्र हाडातील गाठ म्हणजे सार्कोमा, आणि सार्कोमा म्हणजे अवयव कापणे, हाच न्याय दीर्घकाळ चालला. त्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत बाल्टिमोर येथील जोसेफ ब्लडगुड हे प्रमुख होत. १९१२ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, या गाठी कापून काढण्यासाठी सबंध अवयवाचा बळी देण्याचे कारण नाही. गाठ खरवडून काढावी आणि पोकळीत दुसरे हाड भरावे. आज रूढ असलेले 'जायंट सेल ट्यूमर' हे नावही त्यांच्यामुळेच प्रचारात आले.

याच सुमारास अमेरिकेतील बोस्टन शहरी अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक विलक्षण शस्त्रवैद्य होते. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची रुग्णालयाने वर्षानुवर्षे चौकशी करावी, ते लिहून ठेवावे आणि आपल्या चुका झाकून न ठेवता प्रसिद्ध कराव्यात, असा त्यांचा आग्रह असे. सहव्यवसायी मंडळींना हा आग्रह मानवला नाही, हे सांगावयास नकोच. १९२० साली एका रुग्णाच्या निमित्ताने हाडाचा सार्कोमा नेमका किती जणांचा बरा होतो, असा प्रश्न त्यांना पडला, आणि त्याचे खात्रीलायक उत्तर कोणापाशीच नाही असे आढळून आले. तेव्हा त्यांनी ठिकठिकाणच्या शस्त्रवैद्यांना पत्रे पाठविली, रुग्णांची हकीकत, क्ष-किरणांची छायाचित्रे आणि गाठीचे काप मागविले, आणि हाडांच्या सार्कोमाचे एक नोंदणीपुस्तक उभे केले. त्यांच्या या कार्यात ब्लडगुड आणि न्यूयॉर्कचे जेम्स यूइंग हे सहभागी होते.

या नोंदणीतून जे दिसले ते डोळे उघडणारे होते. एकाच गाठीचा काप निरनिराळ्या तज्ज्ञांपुढे ठेवला असता तिची निरनिराळी नावे सांगितली जात होती. सार्कोमातून बरे झाले म्हणून ज्यांची नावे कळविण्यात आली होती, त्यांच्यापैकी अनेकांना सार्कोमा झालेलाच नव्हता. त्यांची गाठ महापेशींच्या अर्बुदासारखी सौम्य जातीची होती. अवयव कापल्यामुळे ते वाचले, असा शस्त्रवैद्यांचा समज होता. वस्तुतः अवयव कापला नसता, तरीही ते वाचले असते. कारकुनी म्हणून जिची उपेक्षा केली जाते, अशा एका साध्या नोंदवहीने हे सत्य उजेडात आणले.

तथापि एक घोटाळा शिल्लकच होता. हाडातील ज्या ज्या गाठीत महापेशी सापडे, ती ती महापेशींच्या अर्बुदात जमा होत असे. १९४० साली न्यूयॉर्कमधील जॅफी, लिक्टेनस्टाइन आणि पोर्टिस या तिघांनी या समजुतीला धक्का दिला. महापेशी ही या अर्बुदाची खूण मानता येणार नाही, कारण ती हाडांच्या इतर अनेक विकृतींतही हजर असते, असे त्यांनी दाखवून दिले. जेथे पाडकाम किंवा रक्तस्राव आहे तेथे या पेशी जमणारच. आग लागलेल्या ठिकाणी बंबवाले दिसतात म्हणून आग त्यांनीच लावली असे कोणी म्हणत नाही. परंतु हाडांच्या बाबतीत बरीच वर्षे असाच न्याय लावला गेला होता.

मग एकामागून एक निराळ्या विकृती वेगळ्या काढल्या जाऊ लागल्या. वाढत्या वयाच्या मुलांत, कूर्चापट्टी मिटण्यापूर्वीच हाडाच्या टोकाशी होणारी एक गाठ कॉडमन यांनी १९३१ साली वर्णिली होती. ती कूर्चेच्या पेशींपासून होते आणि तिची जात स्वतंत्र आहे, हे १९४२ साली निश्चित झाले. रक्ताने भरलेल्या पोकळ्यांची एक फुगीर विकृती, जी बहुधा वीस वर्षांच्या आतील मुलामुलींत आढळते, तीही त्याच वर्षी वेगळी ओळखण्यात आली. जबड्याच्या हाडात होणारी, महापेशींनीच भरलेली आणखी एक विकृती १९५३ साली जॅफी यांनी निराळी काढली. याच्या उलट, काही खऱ्या सार्कोमांतही महापेशींची इतकी गर्दी असते की, मूळची मारक पेशी त्यांच्या आड दडून बसते. तेथे सौम्य निदान केले तर ते प्राणघातक ठरते.

या सर्वांत अधिक बोधप्रद आहे ती मानेतील परावटू ग्रंथींची हकीकत. अवटू ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार लहान ग्रंथी असतात आणि रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे त्यांचे काम होय. त्यांपैकी एखादी फाजील वाढली म्हणजे ती हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढून आणते. हाडे ठिसूळ होतात, त्यांत पोकळ्या पडतात आणि त्या पोकळ्यांत महापेशी व झिरपलेले रक्त साचून तपकिरी रंगाच्या गाठी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही तपकिरी गाठ आणि महापेशींचे अर्बुद यांतील फरक पुष्कळदा सांगता येत नाही.

१९२५ साली व्हिएन्नात ट्रॅमवरील एक कंडक्टर अशाच रोगाने जर्जर झाला होता. परावटू ग्रंथी कमी पडत असल्यामुळे हे होत असावे, असा त्या काळचा तर्क. त्याप्रमाणे शस्त्रवैद्य फेलिक्स मांडल यांनी त्याला ग्रंथीचा अर्क देऊन पाहिला, दुसऱ्याच्या शरीरातील ग्रंथीचे रोपणही करून पाहिले. पण उपयोग झाला नाही. अखेर उलटा तर्क करून त्यांनी त्याची मान उघडली, वाढलेली ग्रंथी शोधली आणि काढून टाकली. लघवीवाटे वाहून जाणारे कॅल्शियम कमी झाले, वेदना थांबल्या आणि रुग्ण पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी त्याच्या रोगाने पुन्हा उचल खाल्ली, हे खरे. परंतु हाडातील गाठीचे मूळ मानेत असू शकते, हे त्या शस्त्रक्रियेने कायमचे सिद्ध केले. म्हणूनच आज महापेशींचे अर्बुद असे निदान करण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम आणि परावटू ग्रंथीचा स्राव तपासून घेणे अगत्याचे मानले जाते. ही थोड्या खर्चाची तपासणी गुडघ्यावरील अनावश्यक शस्त्रक्रिया टाळू शकते.

मग महापेशींच्या खऱ्या अर्बुदात मूळ अपराधी कोण? या प्रश्नाचे निर्णायक उत्तर मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. महापेशींच्या गर्दीत जिच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते, ती साधी, एकच केंद्रक असलेली पेशीच या रोगाचे मूळ होय. बिघाड तिच्यात होतो, अमर्याद वाढते तीच, आणि एक विशिष्ट प्रथिन निर्माण करून रक्तातील पेशींना तीच आवतण धाडते. त्या येतात, एकमेकींत मिसळतात, महापेशी बनतात आणि हाड खाऊ लागतात. महापेशी ही केवळ हुकमाची ताबेदार. २०१३ साली या साध्या पेशींच्या एका जनुकात ठरावीक जागी बदल झालेला सापडला. तपासलेल्या दहा अर्बुदांपैकी नऊहून अधिकांत तो होता. कॉडमन यांनी वर्णिलेल्या कूर्चापेशींच्या अर्बुदात त्याच्याच जोडीच्या दुसऱ्या जनुकात निराळा बदल आढळला. आणि रक्ताने भरलेल्या फुगीर विकृतीतील बहुसंख्य गाठींत तिसऱ्याच एका जनुकाची उलथापालथ असते, हे त्यापूर्वी २००४ सालापासून कळत आले होते. जॅफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ डोळ्यांच्या बळावर ज्या भिंती उभ्या केल्या होत्या, त्यांचा पाया असा सत्तर वर्षांनी सापडला.

औषधानेही हीच साक्ष दिली. साध्या पेशी ज्या प्रथिनाने महापेशींना बोलावितात, त्यालाच अडविणारे डेनोसुमॅब नावाचे औषध आहे. ज्यांची गाठ सुखरूपपणे कापून काढणे शक्य नाही, अशा रुग्णांसाठी त्याला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. ते टोचले असता महापेशी नाहीशा होतात, दुखणे थांबते आणि गाठीभोवती नवे हाड धरू लागते. परंतु औषध बंद केले की, रोग पुष्कळदा परत येतो. कारण चाकर पळाले तरी धनी घरातच असतो. म्हणून शस्त्रक्रियेला आजही पर्याय नाही.

ती शस्त्रक्रिया मात्र ब्लडगुड यांच्या काळापेक्षा पुष्कळ सुधारली आहे. नुसती गाठ खरवडून काढली, तर चारांपैकी एका, कधी दोघांपैकी एका रुग्णात ती पुन्हा उद्भवत असे. आता हाडाला मोठी खिडकी पाडून गाठ डोळ्यांदेखत खरवडतात, पोकळीच्या भिंती वेगाने फिरणाऱ्या यंत्राने घासून काढतात, उरल्यासुरल्या पेशी मारण्यासाठी फिनॉल किंवा द्रव नायट्रोजन वापरतात आणि पोकळी हाडाने किंवा अस्थिसिमेंटने भरून काढतात. हे सिमेंट घट्ट होताना तापते, त्याचाही उपयोग होतो. शिवाय त्याच्या कडेला रोग पुन्हा डोकावलाच, तर तो छायाचित्रात चटकन दिसतो. या पद्धतींमुळे रोग परतण्याचे प्रमाण शेकडा दहा ते वीसपर्यंत खाली आले आहे. हाडाचे कवच फोडून गाठ फार पसरली असेल, तर तेवढे टोक काढून तेथे कृत्रिम सांधा बसवितात. मनगटाच्या बाबतीत रुग्णाच्याच पायातील बारीक हाड आणून जोडण्याची युक्ती वापरतात. क्ष-किरणांचा मारा हा उपाय मात्र क्वचितच योजला जातो, कारण कालांतराने त्यातूनच सार्कोमा उद्भवण्याचा धोका असतो.

या गाठीला सौम्य म्हटले, तरी तिच्यावर विसंबून चालत नाही. शंभरांतील दोन-तीन रुग्णांत तिचे लहान अंश फुप्फुसातही आढळतात, आणि क्वचित तिचे रूपांतर मारक रोगात होते. परतणारा रोग बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. तेव्हा पाय बरा झाला, कामावर रुजू झालो, आता डॉक्टरांकडे कशाला जावयाचे, असे म्हणणारा रुग्ण वाचलेला पाय पुन्हा पणाला लावतो.

मुंबईच्या परळ भागात १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयांत हाडाच्या गाठीचा निर्णय एकटा मनुष्य देत नाही. रुग्णाचे वय आणि हकीकत जाणणारा शस्त्रवैद्य, क्ष-किरणांची छायाचित्रे वाचणारा तज्ज्ञ आणि गाठीचा काप पाहणारा विकृतिशास्त्रज्ञ, असे तिघे एकत्र बसतात. तिघांची साक्ष जुळली, तरच नाव निश्चित होते. जुळली नाही, तर सुरी उचलण्याऐवजी पुन्हा तपास केला जातो. गाठीचा तुकडा काढण्याचे कामही, जेथे पुढील शस्त्रक्रिया व्हावयाची तेथेच होणे इष्ट असते. कारण भलत्या जागी पाडलेले छिद्र रोग पसरविते आणि वाचण्याजोगा अवयव गमावण्याची पाळी आणते.

यांतील कित्येक गोष्टी रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्या मंडळींच्या हातच्या आहेत. तीन-चार आठवड्यांत न थांबणारे, विशेषतः रात्री जाणवणारे सांध्याजवळचे दुखणे चोळून बरे करण्याच्या भरीस न पडता त्याचे क्ष-किरण छायाचित्र काढून घेणे. छायाचित्रात गाठ दिसली, तर पाय गेला असे न समजणे आणि काही नाही असेही न समजणे. रक्तातील कॅल्शियम तपासले काय, असे डॉक्टरांना अदबीने विचारणे. आणि छायाचित्रे, काप व अहवाल ट्रंकेत जपून ठेवून दर खेपेस बरोबर नेणे. घरच्या ट्रंकेतील ती कागदपत्रे म्हणजे कॉडमन यांच्या नोंदवहीचेच एक पान होय. जिना उतरताना ज्याचे हाड मोडले, त्या तरुणाला तोच जिना स्वतःच्या पायांनी पुन्हा चढता येईल की नाही, हे पुष्कळ अंशी त्या पानावरील नाव खरे आहे की खोटे, यावर अवलंबून असते.